एम-1 की एफ-1? फ्लाइंग स्कूलच्या व्हिसाचे एक प्रकरण

विद्यार्थिनी 19 वर्षांची. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन शालेय शिक्षण पूर्ण केलेली, इंग्रजी चांगले, घरच्यांचा पाठिंबा. तिला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हवा आहे. सोबत इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांच्या आधारे उडणे) आणि मल्टी-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांचे विमान) रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा पात्रता. अमेरिकेतल्या दोन फ्लाइंग स्कूलनी तिला प्रवेश देऊ केला आहे. दोन्ही फ्लोरिडात, विमाने जवळपास सारखी, एकूण खर्चातही फार अंतर नाही. पहिल्या स्कूलचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, 2 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर, आणि ते एम-1 व्हिसासाठी आय-20, म्हणजे प्रवेशाचे अधिकृत प्रमाणपत्र, देते. दुसऱ्याचा कार्यक्रम सुमारे दोन वर्षांचा, आणि ते एफ-1 साठी आय-20 देते. घरात निर्णय लगेच झाला: जो लवकर संपतो तो बरा.

पुढच्या अडचणींपैकी निम्म्या या निर्णयातून निघाल्या. निर्णय चुकीचा होता असे नाही, पण तो व्हिसाचा निर्णय आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नव्हते. (विद्यार्थिनी नमुन्यादाखल उभी केली आहे, नियम आणि मुदती खऱ्या आहेत.)

व्हिसाचा प्रकार स्कूल ठरवते

व्हिसा कॉन्सुलेटमध्ये मिळतो, म्हणून प्रकारही तिथेच ठरत असेल असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आय-20 वर आधीच छापलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांना घेण्यासाठी स्कूलला अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या विद्यार्थी कार्यक्रमाची, म्हणजे एसईव्हीपीची, मान्यता लागते. फ्लाइंग स्कूलच्या बाबतीत त्याआधी नागरी विमान वाहतूक प्रशासनाचे, एफएएचे, नियमावलीच्या पार्ट 141 किंवा 142 खालचे, म्हणजे मान्यताप्राप्त प्रशिक्षणसंस्थेचे, प्रमाणपत्र असावे लागते. पार्ट 61 खाली, म्हणजे अशा प्रमाणपत्राविना, शिकवणारा एखादा इन्स्ट्रक्टर कितीही उत्तम असला तरी परदेशी विद्यार्थ्याला आय-20 देऊ शकत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन परवान्यासाठी उडायला शिकणे तर नियमात बसतच नाही. कुणी एजंट "आधी या, मग बघू" म्हणत असेल तर तिथेच थांबावे.

एम-1 हा व्यावसायिक कौशल्याच्या शिक्षणाचा व्हिसा, एफ-1 शैक्षणिक. विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा फरक कोर्स संपल्यावर दिसतो. एफ-1 वर शिक्षणानंतर 12 महिन्यांपर्यंत आपल्या विषयातले काम करता येते. उड्डाणाच्या बाबतीत ते काम बहुधा इन्स्ट्रक्टरचे असते आणि त्यातून पुढच्या परवान्याला लागणारे उड्डाणाचे तास भरतात. एम-1 वर दर चार महिन्यांच्या पूर्णवेळ शिक्षणामागे एक महिना प्रत्यक्ष कामाचा सराव मिळू शकतो, जास्तीत जास्त सहा महिने. दहा महिन्यांच्या कोर्सला हे गणित दोन महिन्यांवर येते. त्यातही असे काम विद्यार्थ्याच्या मायदेशात मिळण्यासारखे नाही, अशी स्कूलच्या अधिकाऱ्याची खात्री असावी लागते. शिकत असताना एम-1 वर नोकरी करता येत नाही.

आणखी दोन कुलुपे आहेत. अमेरिकेत राहून एम-1 चा एफ-1 करून घेता येत नाही. स्कूल बदलायचे तर प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत. त्यानंतर स्वतःच्या हाताबाहेरचे कारण असल्याशिवाय नाही. एफ-1 वाला नाराज झाला तर तुलनेने सहज दुसरीकडे जातो. एम-1 वाल्याने स्कूल निवडले की बहुतेक वेळा तेच शेवटपर्यंत.

पहिली मुलाखत

कागद तसे नीट होते. आय-20 वरचे नाव पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींशी अक्षर न् अक्षर जुळवलेले. सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीचे 350 डॉलर भरून आय-901 ची पावती ठेवलेली. डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरलेला, 185 डॉलरचे व्हिसा-शुल्क भरलेले. जून 2025 पासून एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते. तेही तिने केले होते.

मुलाखत काही मिनिटांतच आटोपली. कोर्सनंतर काय करणार, या प्रश्नावर तिने मनापासून सांगितले: तिथेच इन्स्ट्रक्टर होऊन 1500 तास पूर्ण करीन. पैशांबद्दल विचारले तेव्हा निम्मी रक्कम खात्यात आहे, उरलेली कोर्स चालू असताना उभी राहील, असे उत्तर दिले. हातात कागद आला तो कलम 214(ब) चा, म्हणजे नकाराचा. त्यावर नेमके कारण लिहिलेले नसते. कायदा प्रत्येक अर्जदाराला स्थलांतराचा इच्छुक धरून चालतो आणि तसे नाही हे पटवण्याचे ओझे अर्जदारावर टाकतो. हे कलम म्हणजे ते पटले नाही एवढेच.

पण उत्तरे आणि नियम शेजारी ठेवले की दोन कच्चे दुवे दिसतात. 1500 तासांचा आकडा एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याचा, म्हणजे सीपीएलच्या वरच्या परवान्याचा, आहे. दहा महिन्यांच्या एम-1 नंतर मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या सरावात तो पूर्ण होणे शक्यच नाही. म्हणजे तिने नकळत सांगितले की आपल्या योजनेला हा व्हिसा पुरत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला त्यात परत न जाण्याचा बेत दिसला असेल तर नवल नाही.

पैशांची बाब जास्त बारीक आहे आणि माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित. एफ-1 च्या अर्जदाराने पहिल्या वर्षाचा खर्च हातात आहे आणि पुढचा येण्याची सोय आहे हे दाखवायचे असते. एम-1 च्या अर्जदाराकडे संपूर्ण मुक्कामाचे शुल्क आणि राहणी यांची रक्कम आजच उपलब्ध असावी लागते. एफ-1 वर गेलेल्या मित्राने "एक वर्षाचे दाखव, चालते" असा सल्ला दिला तर तो त्याच्यापुरता खरा असतो, एम-1 वाल्यापुरता घातक.

214(ब) वर अपील नसते, पुन्हा अर्ज करता येतो. नवा डीएस-160, नवे व्हिसा-शुल्क आणि त्या अर्जात "पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का" याला प्रामाणिक होकार. सेव्हिसचे शुल्क मात्र त्याच प्रकारच्या व्हिसासाठी 12 महिन्यांच्या आत अर्ज केला तर पुन्हा भरावे लागत नाही.

घरात खरी चर्चा झाली ती आता. तास कुठे भरायचे आहेत? अमेरिकेत भरायचे असतील तर दुसरे स्कूल, एफ-1, लांब कोर्स आणि जास्त राहणीखर्च. मायदेशी परवाना रूपांतरित करून तिथेच नोकरी शोधायची असेल तर एम-1 पुरेसा, आणि मग मुलाखतीत इन्स्ट्रक्टरकीचा विषय निघायचे कारणच उरत नाही. तिने दुसरा मार्ग निवडला. मायदेशातल्या नियामकाची रूपांतराची अट काय, कोणत्या परीक्षा द्याव्या लागतील, कोणते तास धरले जातील, हे तिने लिखित नियमातून काढून घेतले. उरलेली रक्कम कर्ज मंजूर करून घेऊन खात्याशी जोडली. दुसऱ्या मुलाखतीत प्रश्न तेच होते. या वेळी उत्तरे आणि आय-20 एकमेकांना धरून होती. व्हिसा मिळाला.

इथे माझे मत स्पष्ट आहे. अधिकाऱ्यासमोर पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. आधी योजना बदलावी लागते, मग उत्तर आपोआप बदलते. मुलाखतीची तालीम विकणारे सल्लागार नेमका हा टप्पा गाळतात.

मेडिकल आधी, अनामत नंतर

एक गोष्ट या कुटुंबाने फार शहाणपणाने केली: स्कूलला अनामत पाठवण्याआधी एफएएची वैद्यकीय तपासणी. एफएएने नेमलेले तपासनीस डॉक्टर अमेरिकेबाहेरही अनेक देशांत आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि डॉक्टरकडे जायचे. सीपीएलचे काम करायला दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र पुरते, पण एअरलाइनचे ध्येय असेल तर पहिल्या वर्गाची तपासणी सुरुवातीलाच करून घेणे बरे. अडथळा असेल तर आताच कळतो. 1 जानेवारी 2025 पासून पहिल्यांदा तपासणी करणाऱ्यांची रंगदृष्टी संगणकावरच्या मान्य चाचणीने बघतात. जुन्या ठिपक्यांच्या पुस्तकात पास झालो होतो, या भरवशावर राहू नये. मायदेशी परतायचे असेल तर तिथल्या नियामकाचे मेडिकलही वेगळे लागते, तेही याच वेळी तपासून घ्यावे.

व्हिसा हातात, तरी उड्डाण नाही

पासपोर्टवर शिक्का आला आणि घरात पेढे वाटायची तयारी सुरू झाली. पण उड्डाणाच्या विद्यार्थ्यासाठी अजून एक दार असते, जे इंजिनिअरिंग किंवा एमबीएच्या विद्यार्थ्याला माहीतही नसते. ते म्हणजे वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, टीएसएची, पडताळणी.

ती का आली हे कळले तर तिचा त्रास कमी वाटतो. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांतले अपहरणकर्ते मोहम्मद अट्टा आणि मारवान अल-शेही यांनी फ्लोरिडातल्या व्हेनिस शहरात उड्डाण शिकले होते. त्यांचा दर्जा विद्यार्थ्याचा, म्हणजे एम-1 चा, करून दिल्याची सूचना त्या स्कूलमध्ये पोहोचली मार्च 2002 मध्ये, हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर. त्यांच्यातलाच हानी हंजूर इंग्रजी शिकण्यासाठी विद्यार्थी व्हिसावर आला आणि त्या संस्थेत कधी गेलाच नाही. संस्थेच्या बाहेर ते कुणाला कळले नाही. सेव्हिस 2003 पासून चालू झाली ती ही भोके बुजवण्यासाठी. विद्यार्थी ठरलेल्या काळात नोंदणीला आला नाही तर आज स्कूलला ते कळवावेच लागते. उड्डाणासाठी वेगळी सुरक्षा-पडताळणीही त्याच घटनांतून जन्मली.

आता तिचे नियम 2024 च्या सुधारणेनंतरचे आहेत, ते 30 जुलै 2024 पासून लागू झाले. पूर्वी प्रत्येक मोठ्या टप्प्याला, म्हणजे प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन अशा प्रत्येकाला, नव्याने पडताळणी आणि नव्याने शुल्क असे. आता एकदा झालेली पडताळणी कमाल पाच वर्षे चालते आणि ती स्कूलला नव्हे, उमेदवाराला चिकटलेली असते. टप्पे मात्र स्कूलला टीएसएच्या पोर्टलवर कळवावे लागतातच. उमेदवाराने स्वतः खाते उघडायचे, माहिती भरायची, शुल्क द्यायचे, मान्य पद्धतीने बोटांचे ठसे द्यायचे. तो आल्यावर स्कूल त्याचा फोटो काढून पोर्टलवर चढवते.

आमच्या विद्यार्थिनीला वाटले होते की हे सगळे स्कूल करते. स्कूलला वाटले की तिने केले आहे. ती 10 जानेवारीला पोहोचली, कारण कोर्स सुरू होण्याच्या 30 दिवसांपेक्षा आधी एम-1 वर आत घेत नाहीत. त्यानंतर ठसे देणे, मंजुरीची वाट पाहणे. तोवर वर्गातले ग्राउंड, म्हणजे पुस्तकी भाग, शिकता आले, विमानाच्या जवळ जाता आले नाही. तीन आठवडे गेले. आय-20 हातात येताच अर्ज सुरू केला असता तर यातला बराचसा काळ वाचला असता. टीएसएची मंजुरी व्हिसाची हमी देत नाही आणि व्हिसा टीएसएच्या मंजुरीची. दोन्ही रांगांत एकाच वेळी उभे राहावे.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवर नोंद केली आणि आय-94 या ऑनलाइन प्रवेश-नोंदीवर तारीख उमटली: 30 डिसेंबर. कोर्सची शेवटची तारीख अधिक 30 दिवस. ही तारीख तिने मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवली. ठीकच केले. पासपोर्टवरचा व्हिसा आत येण्यापुरता असतो, किती दिवस राहायचे ते आय-94 सांगते. एफ-1 वाल्यांच्या आय-94 वर बहुधा ठरावीक तारीख नसते. एम-1 वाल्यांच्या असते, आणि एका वेळी मुक्काम एक वर्षाच्या आतच बसवलेला असतो.

पावसाचे कॅलेंडर

पार्ट 141 खाली कागदावरचे किमान तास असे: प्रायव्हेट 35, इन्स्ट्रुमेंट 35, कमर्शियल 120, मिळून 190. दहा महिन्यांत हे सहज बसते, असे स्कूलची पुस्तिका सांगते. फ्लोरिडाचे आकाश वेगळे सांगते. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी ढग जवळजवळ रोजचे. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे तिचा कोर्स संपतो त्याच दिवशी संपणारा. त्यात विमान देखभालीला गेले, एक इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये गेला, आणि चेकराइडसाठी, म्हणजे परवान्याच्या प्रत्यक्ष उड्डाण-परीक्षेसाठी, परीक्षकाची तारीख मिळेना. परीक्षक स्कूलचे नोकर नसतात. एफएएने नेमलेल्या मोजक्या लोकांकडे अनेक स्कूलची रांग असते.

सप्टेंबरअखेर स्पष्ट झाले की मल्टी-इंजिनची चेकराइड नोव्हेंबरात होणार नाही.

एफ-1 असता तर स्कूलच्या अधिकाऱ्याने, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, आय-20 ची मुदत स्वतःच वाढवली असती. एम-1 ला मुदतवाढ नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा देते. डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस करायची, नवा आय-20 द्यायचा, आणि विद्यार्थ्याने आय-539 हा अर्ज भरायचा. तोही कोर्स संपण्याच्या 60 ते 15 दिवस आधीच्या खिडकीत. तिच्या बाबतीत 1 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. कारण ठोस हवे, शैक्षणिक किंवा वैद्यकीय. "वेळ पुरला नाही" हे कारण होत नाही.

इथे तिची एक सवय कामी आली. रद्द झालेल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद ती कारणासह वहीत ठेवत असे: हवामान, देखभाल, इन्स्ट्रक्टर नाही. स्कूलच्या वेळापत्रक-सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, परीक्षकाकडे मागितलेल्या तारखांचे ईमेल आणि डीएसओचे पत्र, असे सगळे अर्जाला जोडले. शिवाय वाढीव मुक्कामाच्या पैशांचा पुरावा. आठवड्याची हजेरीही पूर्ण होती. एम-1 वर कोर्सचा मोठा भाग वर्गात असेल तर किमान 18 तास, प्रात्यक्षिकाचा असेल तर 22 तास लागतात. आकाश बंद असलेल्या आठवड्यांत ग्राउंडचे वर्ग भरून काढणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. ढग आले म्हणून खोलीत झोपून राहिलेल्या विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात येऊ शकतो.

अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. मंजुरी आली, नवी तारीख मिळाली. एम-1 चा एकूण मुक्काम, सगळ्या मुदतवाढी धरून, मूळ सुरुवातीपासून तीन वर्षांच्या पुढे जात नाही. तिला तेवढा लागणारच नव्हता. चेकराइड जानेवारीत झाली.

मला विचाराल तर दहा महिन्यांच्या कोर्सचा आय-20 शक्य असल्यास बारा महिन्यांच्या आत जितका लांब बसेल तितका मागून घ्यावा. अनुभवी डीएसओ हे स्वतःहून सुचवतात. न सुचवणाऱ्या स्कूलला एकच प्रश्न विचारावा: मागच्या वर्षी तुमच्या किती एम-1 विद्यार्थ्यांना मुदतवाढ मागावी लागली? उत्तर आकड्यात आले नाही तर तेही उत्तरच.

परतताना

चेकराइड पास झाल्यावर हातात मिळतो तो तात्पुरता परवाना, 120 दिवसांचा. कायमचे कार्ड टपालाने येते, आणि तिच्या अर्जावर पत्ता होता स्कूलच्या वसतिगृहाचा, जे ती सोडणार होती. अमेरिकेत निवासाचा पत्ता नसलेल्या परवानाधारकाने तिथला एक प्रतिनिधी नेमून एफएएला कळवावा, असा नियम आहे. नव्या अर्जदारांना तो 2025 मध्ये लागू झाला, जुन्यांना 7 जुलै 2025 ची मुदत होती. तिने प्रतिनिधी नेमला, पत्ता बदलला, आणि मायदेशातल्या नियामकाला परवान्याच्या सत्यतेचे पत्र थेट पाठवावे अशी विनंती एफएएकडे नोंदवली. त्याच विनंतीची प्रत, लॉगबुकच्या प्रत्येक पानावर स्कूलच्या सह्या आणि आय-539 च्या मंजुरीची सूचना, असा गठ्ठा हातातल्या पिशवीत ठेवून ती निघाली. सामानात टाकला नाही, कारण रूपांतराच्या अर्जाला यातला प्रत्येक कागद मूळ स्वरूपात दाखवावा लागू शकतो.